बियानच्या कपाटातला गारवा

हुओ लियांछीला स्वतःच्या दोन गुणांचा भारी अभिमान होता. एक म्हणजे त्याचे कान, आणि दुसरा म्हणजे आपल्याला कुणी गंडवू शकत नाही ही खात्री. पहिल्या गुणाबद्दल थांगवा गावात वाद नव्हता. मक्याच्या शेतात रातकिड्यांचा गदारोळ चालला असला तरी त्यातला लढणारा कोणता आणि नुसता ओरडणारा कोणता, हे लियांछी बांधावर उभा राहून सांगायचा आणि मग नेमका तिथेच हात घालायचा. लोक त्याला कानवाला हुओ म्हणत. दुसऱ्या गुणाबद्दल मात्र गावाचं मत जरा निराळं होतं. सख्ख्या बहिणीने पुढे ठेवलेल्या शेवयांच्या वाडग्यातही जो आधी जेवायच्या काड्या घालून तळ ढवळून बघतो, त्याला सावध म्हणायचं की आणखी काही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तसं म्हटलं तर रातकिडे झुंजवायच्या त्या छंदात सगळेच एका माळेचे मणी. कुणी झुंजीच्या आधी आपल्या किड्याला जिनसेंग नावाच्या औषधी मुळीचं पाणी पाजतो, कुणी दुसऱ्याच्या किड्याच्या मिशांना कसलंसं औषध चोळून येतो. म्हणून त्या मुलखात जुनी रीत होती. पौर्णिमेच्या सणाच्या झुंजी जवळ आल्या की सगळ्यांचे किडे काही दिवस एकाच घरी ठेवायचे. मालकाने पडद्याआड जाऊन आपला किडा मातीच्या बोळक्यात सोडायचा, आतून आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि झाकणावर लाल कागद डकवून ते सांभाळणाऱ्याच्या हाती द्यायचं. सगळी बोळकी एकाच घडणीची, त्यामुळे कुणाचं कुठलं ते सांभाळणाऱ्यालाही कळू नये. झाकणाला वाटाण्याएवढं भोक असे, त्याला बूच. त्या भोकातून त्याने सगळ्यांना सारखं खायला घालायचं, आणि झुंजीच्या दिवशी सगळ्यांदेखत कागद फाडायचे. तोवर मालकांपैकी कुणी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

आता लाल कागद तो काय, ओल्या बोटाने निघेल. खरं कुलूप होतं ते बियान शोउलीच्या नावाचं. हा बियान म्हणजे लियांछीच्या थोरल्या बहिणीचा, चिनफंगचा नवरा. सूतगिरणीत वायरमन होता, गिरणी बंद पडल्यावर घरी बसला. मुलं शहरात गेली ती तिकडचीच झाली. आयुष्याची कमाई म्हणाल तर एवढीच, की अख्ख्या गावात एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेली माणसं आपापला किडा त्याच्या हाती देऊन निवांत घरी झोपत. चहाच्या दुकानात तो शिरला की लोक सरकून जागा करत. आणि हे नाव इतकं नाजूक, की एकाने जरी चारचौघांत शंका काढली तर संपलं. दुसऱ्या वर्षी त्याच्या दारात बोळकं घेऊन कुणी येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि गावालाही.

आदल्या वर्षी सप्टेंबरात असा काही उकाडा झाला की ठेवलेले निम्मे किडे पौर्णिमेआधीच म्हातारे झाले. उष्णतेत रातकिड्याचं आयुष्य भरभर सरतं, पाय गळतात, जबडे सैल पडतात. कुणी बियानला बोल लावला नाही, पण त्याच्या मनाला ते लागून राहिलं. खोलीला एसी लावावा तर कोरडा वारा किड्यांना सोसत नाही. मग म्हाताऱ्याने स्वतःच एक खटपट केली. थान नावाच्या दुकानदाराकडे गोठवलेली मोमोजं आणि आइसकांड्या ठेवायचा एक जुना आडवा फ्रीजर पडून होता, तो आणला. फ्रीजरच्या भिंतीत गॅसच्या नळ्या असतात म्हणून भिंतीला हात न लावता त्याचं झाकण काढलं, त्या जागी प्लायवुड आणि थर्माकोलचं झाकण बसवलं आणि त्याला दोन भोकं पाडली. त्यातून दोन जाड पाइप काढले, ते जुन्या रजईच्या कापसात गुंडाळले आणि शेजारी उभ्या केलेल्या चिनफंगच्या लग्नातल्या पत्र्याच्या कपाटात नेले. कपाटाला आतून थर्माकोल. फ्रीजरमध्ये मिठाच्या पाण्याच्या बाटल्या गोठवलेल्या. कपाट तापलं की टाकाऊ कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आपोआप फिरायचा आणि एका पाइपातून गार हवा कपाटात यायची, दुसऱ्यातून परत जायची. गार झालं की पंखा बंद. चिनफंग म्हणाली, माझे रेशमी झगे या कपाटात होते, आता किडे राहणार, नशीब माझं. पण म्हणताना ती हसत होती.

लियांछी हसला नाही. कपाटाचं कौतुक करायला गाव जमलं होतं, कुणी आत हात घालून गारवा बघत होतं, आणि हा मात्र फ्रीजरच्या कडेला उरलेला थानच्या दुकानाचा फाटका स्टिकर बघत उभा होता. फ्रीजर थानचा. फुकट दिलेला. आणि या वर्षी लियांछीच्या किड्याला तोडीस तोड एकच किडा होता, तो कुणाचा? थानचाच. आता या दोन गोष्टींची गाठ पडली ती आपोआप, असं मानणारा माणूस लियांछी नव्हता.

त्याचा किडा खरोखरच लाखात एक होता. जांभळट जबडे, रुंद डोकं, आणि आवाज असा खर्जातला की ऐकणाऱ्याच्या छातीत घुमावा. नाव ठेवलं होतं जांभळी दाढ. जन्मभर लियांछीने दुसऱ्यांना किडे निवडून दिले, ते दुसऱ्यांचे किडे जिंकले, आणि स्वतःच्या हाती कधी पौर्णिमेच्या झुंजीतल्या विजेत्याचं निशाण आलं नाही. या वर्षी ते येणार होतं. बोळकं ठेवायला देण्याआधी कित्येक संध्याकाळी तो जांभळ्या दाढेला घेऊन बहिणीकडे जाऊन बसला होता आणि दाजीला तो आवाज ऐकवला होता. बियान डोळे मिटून ऐकायचा आणि मान डोलवायचा.

हेच आता लियांछीच्या मनात घोळू लागलं. चिठ्ठी आत असली म्हणून काय झालं? आवाज दाजीला पाठ आहे. वीसेक बोळक्यांतलं माझं कुठलं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार. आणि कळल्यावर तो काय करेल? इथे लियांछीने सुतावरून स्वर्ग गाठला. त्याचं म्हणणं असं, की दाजी लबाड असता तर बरं झालं असतं, मेहुण्याला झुकतं माप तरी दिलं असतं. पण तो पडला नावाला जपणारा. मेहुण्याची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून तो मुद्दाम मेहुण्यालाच मागे ठेवील. वर थानच्या फ्रीजरचं ओझं आहेच. म्हणजे माझाच घात दोन्हीकडून.

हे सगळं तो बायकोला सांगू लागला तेव्हा तिने पीठ मळता मळता विचारलं, की मग तुमच्या मते प्रामाणिक माणसाने वागायचं तरी कसं? पण त्याचा संशय त्याने काही कमी झाला नाही.

झुंजीच्या आदल्या दिवशी भर दुपारी तो कलिंगड घेऊन बहिणीकडे गेला. गाव झोपलं होतं. बियानही शेजारच्या खोलीतल्या पलंगावर घोरत होता, कारण बाकीचा वेळ तो कपाटाशेजारीच अंथरूण टाकून जागत असे. खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून चिनफंग लसूण सोलत राखण करत होती. लियांछी तिच्याजवळ उकिडवा बसला. आधी उन्हाच्या गप्पा झाल्या, मग तिच्या गुडघ्यांच्या. मग तो म्हणाला, "ताई, एकदाच आत जाऊन ऐकू दे. बाहेरून कपाटातलं काही ऐकू येत नाही."

"मालकांनी आत जायचं नाही, तुला माहीत आहे."

"मी काय मालक म्हणून जातोय? कान लावतो आणि येतो. जिवाला घोर लागलाय गं."

"घोर तुला जन्मल्यापासून लागलाय." तिने लसणाची टरफलं फुंकली आणि झोपलेल्या नवऱ्याकडे नजर टाकली. लहानपणी याला पाठीवर घेऊन तिने पूर पार केला होता, त्यानंतर याला नाही म्हणायची तिला सवयच राहिली नव्हती. "हात लावायचा नाही कशाला. मी कलिंगड कापून आणते, तोवर बाहेर ये."

आत गेल्यावर लियांछीने कपाटाच्या पत्र्याला कान लावला. वरच्या फळीवर दोनतीन किडे बारीक आवाजात किरकिरत होते. आणि अगदी खालून, पाइप जिथे कपाटात शिरतो तिथून, एक संथ, जड, खर्जातला आवाज येत होता. ही जांभळी दाढ. त्याने कपाट उघडलं. बाकीचे किडे गप्प झाले, खालचा मात्र थांबत थांबत ओरडतच राहिला. पाइपाच्या तोंडाशी एकच बोळकं होतं. त्याने हात लावून पाहिलं, बर्फासारखं गार. आणि वरच्या फळीवर कोपऱ्यात, जिथे गारवा बेताचा, तिथे दुसरं एक बोळकं ऐटीत बसलेलं, गप्प. थानचा किडा फारसा ओरडत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि इतकी चांगली जागा दुसऱ्या कुणाला मिळणार?

त्याला संताप आला. सगळ्या गावाने डोळे झाकून विश्वास टाकलेला माणूस, आणि आपला दाजी. दाजीला उठवून तिथल्या तिथे विचारावं असं क्षणभर वाटलं. पण विचारलं तर आपण आत शिरलो हे कळणार. त्याने दोन्ही बोळकी उचलली आणि त्यांची अदलाबदल केली. कागद शाबूत, चिठ्ठ्या आत, फक्त जागा बदलल्या. आपण कसलीही लबाडी केली नाही, लबाडी सरळ केली, असं त्याने मनाला बजावलं. मग कपाट लावलं, बाहेर येऊन कलिंगडाच्या दोन फोडी खाल्ल्या, आणि तिसरी फोड हातात घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बियानच्या अंगणात गाव लोटलं. सावलीला कापडाचा मांडव बांधला होता, मधे झुंजीचं लाकडी रिंगण, आणि पंच म्हणून यान गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ गवताच्या काडीने किड्यांना डिवचण्यात असे वाकबगार की दुसऱ्या कुणाला ती काडी हाती धरायची मुभा नव्हती. कपाट उघडून एकेक बोळकं बाहेर येऊ लागलं. गार हवेत राहिलेले किडे असे तजेलदार निघाले की मालकांच्या तोंडून कौतुकाचे शब्द फुटले. बियानचं लक्ष कुणाकडे नव्हतं. कपाटाच्या तळाशी वाकून तो पाइपाला हात लावत होता. तोंडाशी बर्फ धरला होता आणि पंखा अडकून रात्रभर सुरूच राहिला होता. त्याने तिथलं बोळकं उचललं, हातात धरून ऐकलं, मग वरच्या फळीवरचं बोळकं कानाशी नेलं. ते मजेत किरकिरत होतं. म्हातारा तिथेच खाली बसला.

गुरुजींनी गार बोळक्याचा कागद फाडला. आत किडा पाय आखडून पडला होता. तळहातावर घेऊन फुंकर घातल्यावर मिशा हलल्या, पण काडी लावली तरी जबडे उघडेनात. उन्हात धरला, श्वासाने ऊब दिली, काही नाही. आता त्याच्याच्याने झुंज व्हायची नव्हती, आज नाही आणि पुढेही नाही. गुरुजींनी आतली चिठ्ठी उलगडून मोठ्याने वाचली. हुओ लियांछी.

लियांछीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्याने गुरुजींच्या तळहातावरचे जांभळे जबडे पाहिले.

अंगणात कुजबुज सुरू झाली. पाइपाच्या तोंडाशी बोळकं ठेवलंच कुणी? आणि ठेवायचं तर नेमकं हुओचं? त्याचा आवाज बियानला माहीत होता ना? फ्रीजर कुणाचा म्हणालात? थान शेठ तांबडालाल झाला. तो म्हणाला, मी भंगारात जाणारी वस्तू दिली, त्याची अशी शोभा होणार असेल तर मी आज किडा उतरवतच नाही.

बियान उठून उभा राहिला. त्याने शांतपणे सांगितलं ते असं. पाइपाच्या तोंडाशी सगळ्यांत जास्त गार असतं. तिथे तो कुणाचंच बोळकं ठेवत नसे. तिथे शेतातून पकडून आणलेला एक साधा किडा ठेवायचा, राखणदार म्हणून. तो गप्प झाला की समजायचं थंडी हाताबाहेर गेली, आणि उठून प्लग काढायचा. लोकांनी उगाच प्रश्न विचारू नयेत म्हणून त्या बोळक्यालाही त्याने लाल कागद लावला होता, ही चूक. काल रात्री राखणदार पहाटेपर्यंत ओरडत होता म्हणून तो निर्धास्त झोपला. आता दिसतंय की राखणदार वरच्या फळीवर होता.

"मग तो वर गेला कसा?" कुणीतरी विचारलं.

बियानने लियांछीकडे पाहिलं नाही. त्याने आपल्या बायकोकडेही पाहिलं नाही, आणि हे लियांछीच्या लक्षात आलं. "मीच ठेवला असेन," बियान म्हणाला. "म्हातारा झालो. खोलीची राखण माझ्याकडे होती, मग चूक दुसऱ्या कुणाची असणार? पुढच्या वर्षापासून दुसरं घर बघा."

लियांछीला आता सगळा उलगडा झाला. पाइपाशी ओरडत होता तो शेतातला कुठलाही भुरटा किडा. गारठ्याने आवाज जड झाला, आणि जन्मभर आवाजांवर जगलेला हा कानवाला त्याला आपला समजला. आणि जो गप्प, ऐटीत, चांगल्या जागी बसला होता, तोच त्याचा होता. दाजीने त्याला सगळ्यांत बऱ्या कोपऱ्यात ठेवलं होतं, कुणाचा आहे हे जाणून किंवा न जाणता, देव जाणे. आपल्या हाताने उचलून आपण त्याला गारठ्यात टाकलं. पण किड्याचं दुःख त्या घडीला मागे पडलं. समोर दाजी उभा होता आणि लोक त्याच्यापासून अर्धं अर्धं पाऊल मागे सरत होते.

तो पुढे आला. "बियानदाजीची चूक नाही," तो म्हणाला. "मी काल आत गेलो होतो. बोळकी मी बदलली."

सगळे त्याच्याकडे वळले. गुरुजींनी विचारलं, आत गेलास कसा?

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. चिनफंग स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात ओल्या फडक्यात गुंडाळलेले. "दार उघडं होतं," तो म्हणाला.

दोघेतिघे हसले. बियानच्या त्या खोलीचं दार कधी उघडं राहिलंय, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, आणि स्वतःचा किडा कोण थंडीत ढकलेल? लियांछीने सांगायचा प्रयत्न केला. मला वाटलं खालचा माझा आहे. त्याचा आवाज माझ्या किड्यासारखा होता. गारठ्याने आवाज उतरतो. पण जसजसा तो सांगत गेला तसतसे लोक नुसत्या माना डोलवू लागले, आणि ते डोलवणं त्याला चांगलंच ओळखीचं होतं. आजवर तो स्वतः दुसऱ्यांचं बोलणं ऐकताना, त्यातलं काही खरं न मानता, अशीच मान डोलवत आला होता.

"हुओ," थान म्हणाला, "तुझ्या बहिणीचा नवरा आहे, वाईट वाटणारच. पण तू किड्याचा आवाज चुकलास, हे आम्हाला सांगू नकोस."

"चुकलो. खरंच चुकलो. त्या राखणदाराला परत पाइपाशी ठेवा आणि स्वतःच ऐका."

"आता त्या कपाटात कुणाचाही किडा जाणार नाही," बियान म्हणाला आणि त्याने जाऊन प्लग काढला. फ्रीजरचा घरघराट थांबला.

थानने मग एक उपाय काढला. लियांछीने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मागे काही बोळकी ठेवायची. ओरडेल त्या किड्याचा मालक ओळखायचा. चुकला तर त्याचं म्हणणं खरं मानू आणि बियानचं नाव जसंच्या तसं राहील. गुरुजींना ते पटलं, सगळ्यांनाच पटलं. लियांछीला तर हातात सोनं आल्यासारखं वाटलं. चुकायचंय एवढंच. चुकणं कुणाला जमत नाही?

तो भिंतीकडे वळला. गिलावा उखडलेला होता, त्याकडे बघत तो कुठलं तरी भलतंच नाव जिभेवर तयार ठेवू लागला. झुंजीला आलेल्या कुणा गाओचं म्हणावं, किंवा गुरुजींच्या पुतण्याचं. मागे बराच वेळ काही आवाज नव्हता. अंगणातल्या उकाड्यात किडे आता चांगले तापले होते. मग एकाने सुरुवात केली, कोरडा, दोन फटक्यांत तुटणारा, क्वचितच ऐकू येणारा आवाज. असा आवाज या मुलखात वर्षानुवर्षं निघत नाही. तो ऐकताच लियांछीच्या अंगावर काटा आला.

"थानचा," तो म्हणाला. "आणि डावा पंख टोकाला फाटलेला आहे."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. थानने झाकण काढलं. डावा पंख टोकाला फाटला होता. अंगणात कौतुकाचा हुंकार उठला. कुणीतरी लियांछीच्या पाठीवर थाप मारली. गुरुजी भारावून म्हणाले, की नातं जपावं तर असं, नातलगासाठी माणूस स्वतःच्या कानाची अब्रू घालवायला निघाला. काहींनी तर त्याला चहा आणून दिला. बियानकडे कुणी चहा नेला नाही. झुंजी पुढच्या चौकात भरवायचं ठरलं आणि लोक आपापली बोळकी छातीशी धरून, एकमेकांच्या हातांवर डोळा ठेवत अंगणातून निघून गेले.

उरले तिघे. बियान पाइपांवरची रजई सोडवत बसला होता. लियांछी त्याच्याजवळ गेला. मी खरं तेच बोललो होतो, असं तो म्हणाला.

"माहीत आहे मला," बियान म्हणाला.

"मग मघाशी बोलला का नाहीत? तुम्ही म्हणाला असतात तर मानलं असतं त्यांनी."

"मानलं असतं. आणि पुढचं काय विचारलं असतं?" बियानने कापसाचा एक गोळा बाजूला ठेवला. "तुला आत कुणी सोडलं, हे."

तेवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर लियांछीला बरं वाटलं असतं. तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. चिनफंग पौर्णिमेसाठी केलेल्या सारण भरलेल्या गोड वड्या एकेक करून पुन्हा डब्यात भरत होती. आज संध्याकाळी त्या खायला कुणी येणार नव्हतं. ती मान वर न करता म्हणाली, "एक सांग. तुला संशय कुणाचा होता? थानचा, की माझ्या नवऱ्याचा?"

लियांछीने तिच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. "थानचा," तो म्हणाला.

चिनफंगने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "खोटं बोलायला तुला कधीच जमलं नाही, लियांछी," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा चुकीचं बोलायची गरज होती, तर तेही तुला जमलं नाही. घरी जा आता."